माप माझं, फाडणं तुझं

कांत्या, तुझ्या उठावण्याला मी आलो नाही. मुद्दाम आलो नाही. सगळी पेठ पांढरे कपडे घालून तुझ्या दारातल्या सतरंजीवर बसली होती, आणि मी समोर माझ्या टपरीत कुणाच्या तरी परकराला नेफा घालत होतो. येणारे-जाणारे माझ्याकडं बघून घेत होते. बघू देत. दोघं-तिघं तर मुद्दाम रस्ता ओलांडून आले. "आवो बबनराव, तुमीच न्हाई व्हय तिकडं? तुमचा येवढा दोस्त!" मी दोरा दातानं तोडला आणि म्हटलं, "काम हाय."

काम-बिम काही नव्हतं. मला तुझा राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का रागावू नये? जिवंत होतास तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडायचास, तुझ्याशी नीट भांडताही यायचं नाही. आता ऐकून घे. आता कूस बदलायची सोय नाही तुला.

आणि ते "सुटले बिचारे" ऐकायला तर मला मुळीच यायचं नव्हतं. सतरंजीवरच्या निम्म्या लोकांनी तेच म्हटलं असणार. सुटले म्हणे! तू काय दाव्याला बांधला होतास सुटायला? साठीसुद्धा झाली नव्हती तुझी. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी धाकटा तू. मराठी शाळेत माझ्या पाटीवरून उतरवून घ्यायचास, आणि निघालास माझ्या आधी.

तुझे आजोबा मारवाडातून येऊन मंचरात कापडाचं दुकान टाकून बसले. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच, शेतीवाले. चार भावांत माझंच मन शेतीत रमेना, म्हणून मी शिलाई शिकलो, आणि तुझ्या वडलांनी दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकायला जागा दिली. तिथं मी तीस वर्षं बसलो. गिऱ्हाइकासमोर मी तुला शेठ म्हणायचो आणि तू मला बबनराव. गिऱ्हाईक पायरी उतरलं की कांत्या आणि बबन्या.

आपली कामाची रीत ठरलेली. ओट्यावर मी माप घ्यायचो. आतून, गादीवरून तू विचारायचास, "किती रे?" मी ओरडायचो, "सव्वादोन!" की तू मोजायच्या लोखंडी गजावर कापड टाकलंस, कडेला कातरीनं बोटभर चीर दिलीस, दोन हातांत दोन कडा धरल्यास आणि टर्रकन फाडलंस. पॉपलीन की मांजरपाट, मला पाठमोऱ्यानं आवाजावरून कळायचं. तू कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. बाकी सगळ्या जगाशी हुज्जत घालायचास. भाजीवाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी, चातुर्मासात येणाऱ्या महाराजसाहेबांशीसुद्धा. पण माप बबन्यानं सांगितलं की विषय संपला.

एकदाच चुकलो मी. डिंभ्याकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली होती, वीस-पंचवीस माणसं, आणि परतीची एसटी गाठायची म्हणून सगळ्यांचीच घाई. नवरदेव चांगला ताडमाड गडी, आणि मी गडबडीत "दोन!" म्हणून ओरडलो. तू फाडलंस. बेतायला घेतलं तेव्हा कळलं, बाह्या होत नाहीत. नवरदेवाचा बाप तुझ्या अंगावर धावून आला. तू माझ्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. "माझीच चूक झाली, पावणं," म्हणालास आणि नवं कापड फाडून दिलंस. नंतर चहा पितानाही त्यावर एक शब्द काढला नाहीस. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं मला.

मग नव्याण्णवची लग्नसराई. सकाळी अकराचा सुमार. मी "सव्वादोन" ओरडलो आणि टर्र निम्म्यातच थांबलं. "काय शेठ, जेवला न्हाई काय?" मी पाठमोराच म्हटलं. वळून बघतो तर कापड उजव्या हातातून लोंबतंय, डावा हात मांडीवर नुसता पडलाय आणि तोंड एका बाजूला ओघळलंय. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, फिट आली, कांदा हुंगवा. मंचरात कांद्याला काय तोटा! एकानं लगेच फोडून आणला. ज्या घरात कांदा-लसूण चढत नाही त्या घरच्या माणसाच्या नाकाला कांदा! आणि तू त्या अवस्थेतही मान फिरवलीस. अर्धा तास त्या कांद्यात गेला, पुढं हायवेला ट्रकच्या रांगेत जीप अडकली. पुण्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मी तिथंच त्या कांदेवाल्याला आईवरून शिवी हासडली. तो मंचरात होता, त्याला कुठली ऐकू जाते.

वीस दिवसांनी तुला घरी आणलं, दुकानाच्या वरच्या खोलीत. चौदा पायऱ्या. आणि मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर नातं तुटतं. हातात बिस्किटांचा पुडा, नाहीतर शहाळं, आणि तोंडात एकेक गोष्ट. "आमच्या मेव्हण्यावरून असंच वारं गेलं व्हतं, म्हैनाभर बी न्हाई काढला." हे तुझ्या उशाशी बसून, तुझ्या देखत! आणे गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, कबुतराचं रक्त चोळा, आठ दिवसात हात उचलतो का न्हाई बघा. भाभींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. जैनाच्या घरात कबुतर! तू हसलास. आजारातलं तुझं पहिलं हसू. पण हसताना तोंड जास्तच वाकडं झालं आणि एक बाई "अगं बाई गं" करून पदरानं डोळे टिपायला लागली. त्यानंतर तू लोकांसमोर हसायचंच बंद केलंस.

घरच्यांचं काय सांगू? जीव टाकत होते तुझ्यावर, म्हणून तर त्यांना मला काही बोलता येत नव्हतं. भाभी तुझ्या शर्टाची बटणं लावायच्या. सोनल, तुझी लाडकी लेक, घास भरवायची. तुझा पोरगा निलेश तुला उचलून मोरीत न्यायचा. घरात माणसं असताना शेठनं धडपडायचं म्हणजे लोकांनी पोरांच्या तोंडात शेण घातलं असतं. नारायणगावाहून आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. चणीनं एवढीशी, पण जिभेला हाड नाही. "काका, उजवा हात धडधाकट आहे ना तुमचा? मग दुसऱ्याच्या हातानं का जेवताय?" सगळ्या घरानं तिच्याकडं डोळे वटारले. मला ती फार आवडली. तिनं विचारलं, रोज दोन हातांनी काय करायचात? तू म्हणालास, कापड फाडायचो. "मग फाडा."

ते काम माझ्याकडं आलं. रोज दुपारी मी चिंध्यांचं गाठोडं घेऊन चौदा पायऱ्या चढायचो. तुझ्या डाव्या हाताच्या बोटांत कड कोंबायची, वर माझी मूठ आवळायची, आणि म्हणायचं, "हं शेठ, ओढा." पहिले दोन महिने नुसता घाम. मग बोटभर फाटलं. मग वीतभर. दिवाळीच्या आधी एका दुपारी मी मूठ काढून घेतली आणि तू एकट्यानं हातभर मांजरपाट फाडलंस. टर्र! भाभी पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. मी तुला काय म्हटलं आठवतंय? म्हटलं, "सरळ न्हाई फाटलं." तू मला चिंधी फेकून मारलीस. डाव्या हातानं!

दिवाळीनंतर निलेशनं दुकान बदललं. गादी गेली, काचेचं काउंटर आलं, तागे गेले, रेडीमेड आलं. ओटाही तोडला आणि माझं मशीन रस्त्यापलीकडं टपरीत गेलं. पोराचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खेड्यापाड्यांतही आता नवरदेव तयार शर्ट घालतात. तो तुझ्या उशाशी बसून मायेनं म्हणाला, "पप्पा, तुम्ही आता नुसता आराम करा. फाडायचं काही राहिलंच नाही." त्यानं तुझं तोंड बघितलं नाही. मी बघितलं.

तिथून तू भिंतीकडं वळलास. दाढी नको, जेवण नको, चिंध्या नकोत. टीव्हीवरच्या जाहिरातीला डोळ्यांतून पाणी. मी चिडायचो. "पोरीबाळींसारखा काय रडतो?" तू म्हणायचास, "मला काय व्हतंय मलाच कळंना, बबन्या. सकाळ झाली की नको वाटतं." मी म्हणायचो, सगळ्यांनाच नको वाटतं, तरी उठावं लागतं. लई शहाणा होतो मी. त्या पोरीनं मात्र भाभींना, निलेशला आणि मला समोर बसवून सांगितलं की मेंदूला असा मार बसला की मनही खचतं, हा आळस नव्हे, हाही त्याच आजाराचा भाग आहे. हात दाखवलात तसं मनही डॉक्टरला दाखवा. निलेशनं सोनललाही न सांगता गुपचूप तुला पुण्याला नेलं. गोळ्या सुरू झाल्या.

पहिले काही आठवडे काही नाही. मी तर चेष्टाच करत होतो. पण मग तू आरसा मागितलास आणि दाढी केलीस, गालावर दोन ठिकाणी कापून घेतलंस. पुन्हा चिंध्या मागितल्यास. आणि एका सकाळी रस्त्यापलीकडून मला तुझी हाक ऐकू आली. बघतो तर तू जिन्याच्या नवव्या पायरीवर कठडा धरून उभा! घामानं निथळतोयस. "बबन्या, पाच राहिल्या रे!" माझ्या हातातली कातर खाली पडली. त्या दिवशी तू बोलून दाखवलंस, की सोनलचं लग्न ठरलं की तिच्या बस्त्याचं पहिलं कापड तूच फाडणार, खाली दुकानात, गादी टाकून, सगळ्यांच्या समोर. "तू वरडायचं. मी फाडणार."

मग नगरकडून सोनलला स्थळ आलं. चांगलं घर, शिकलेला मुलगा. रविवारी बघायला येणार. आणि नेमकी कुणीतरी कुजबुज आणली की मेडिकलवाल्यानं कुणाला तरी सांगितलंय, शेठला डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. वारं गेलेलं चालतं रे लोकांना. ते देवाचं असतं. पण डोक्याची गोळी म्हटलं की मुलीचा बाप येडा, उद्या मुलगी येडी, परवा नातवंडं. भाभी, निलेश हादरले, पण सगळ्यांत जास्त घाबरलास तू. शनिवारी मला वर बोलावलंस, दार लोटायला सांगितलंस आणि उशीखालून गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्या हातात कोंबल्यास. "ठेव तुझ्याकडं. पावणे जाऊ दे, मग आण." मी त्या मशीनच्या खणात ठेवल्या, बॉबिनींच्या खाली.

पाहुणे आले, दिवस मावळायच्या आत जेवले, मुलगी पसंत करून गेले. दोन दिवसांनी तू खिडकीतून हाक मारलीस, "बबन्या, माझं ते आण की." मी वर आलो, रिकाम्या हातानं. तू माझ्या हाताकडं बघितलंस. मग विचारलंस, "घेऊ का नको रे? खरं सांग. मी येडा झालोय का?"

मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. पण मी एकदा माझ्या तोंडानं म्हणतो, कारण आजवर कुणासमोर म्हटलेलं नाही. मी म्हणालो, "येडी लोकं खात्यात असल्या गोळ्या. तुला काय धाड भरलीया? नवव्या पायरीपर्यंत तू तुझ्या हिमतीवर आलास. मर्दासारखा ऱ्हा. नको खाऊ."

तू म्हणालास, "बरं."

बरं! जो माणूस कंडक्टरशी तासभर भांडायचा तो एवढं बोलून गप्प झाला. आणि मला वाटलं, मी दोस्ताला सावरलं. छाती फुगवून जिना उतरलो मी.

महिनाभरात तू पुन्हा भिंतीकडं. ती व्यायामवाली पोरगी विचारायची, गोळ्या चालू आहेत ना? तू सरळ हो म्हणायचास. मी शेजारी बसलेला असायचो आणि चूप बसायचो. घरच्यांना वाटायचं तू घेतोस, तुला वाटायचं मी आणीन, आणि मी स्वतःला सांगायचो की लागल्या तर मागेल. मग त्या पोरीचं लग्न झालं, ती यायची थांबली, आणि दुसरा कुणी मिळेना. सोनलचा बस्ता पुण्याला बांधला. लग्नात तुला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला, मागच्या रांगेत बसवला आणि डाव्या हातावर शाल टाकली. पाच पायऱ्या, कांत्या. मी मंडपात तुझ्याकडं बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्याच रागानं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की सगळी चूक तुझी.

त्यानंतरही मी येत राहिलो. तू हात पुढं करायचा नाहीस, मी शिव्या घालायचो. गेल्या पंधरवड्यात मी ते गाठोडं तुझ्या अंगावर फेकलं आणि म्हणालो, "मग मर असाच. आजपास्नं मी यायचा न्हाई." तू तेच म्हणालास, "बरं." आठ दिवस मी रस्ता ओलांडला नाही. नवव्या दिवशी सकाळी निलेश धावत टपरीत आला, तेव्हा दुसरा झटका तुला घेऊन गेला होता.

काल उठावणं उरकल्यावर सोनल रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. पांढरी साडी, डोळे सुजलेले. मला वाटलं, आली भांडायला, आणि मला बरंच वाटलं. तर ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आला नाहीत. मम्मी तुमची वाट बघत होती. तुम्ही लई केलंत पप्पांसाठी." मी चाकावर हात ठेवून बसलो. तुझ्या उठावण्याला न येण्याचं खरं कारण हेच होतं रे. भाभी हात जोडून हेच म्हणणार, हे मला माहीत होतं.

मग जाता जाता तिनं विचारलं, "काका, एक विचारू? मी माहेरी आले की पप्पा नेहमी म्हणायचे, माझ्या गोळ्या बबन्याकडं हायेत, त्यो आणील तवा घ्यायच्या. मला वाटायचं भ्रमात बोलतात. कसल्या गोळ्या हो?"

तिला माहीतच नाही, कांत्या. तिच्याच लग्नासाठी लपवलेल्या, तिलाच कधी कळू दिल्या नाहीत. मी म्हटलं, "आसतील कसल्या तरी. तुझा बाप काहीपण बोलायचा." ती बिचारी हसली आणि गेली. तुझ्या लेकीशी मी तुझ्या सुतकात खोटं बोललो.

ती गेल्यावर मी खण उघडला. बॉबिनींच्या खाली पट्ट्या तशाच आहेत, गंजलेल्या दोन सुया त्यांना चिकटल्यात. त्या गोळ्यांनी तू जगला असतास असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण राहिलेल्या पाच पायऱ्या उतरला असतास. गादीवर बसला असतास. मी ओरडलो असतो आणि पोरीच्या बस्त्याचं कापड तू फाडलं असतंस. वाकडं का होईना.

आणि तिलासुद्धा तू एवढंच सांगितलंस, की गोळ्या बबन्याकडं आहेत. बबन्या देत नाही, हे नाही सांगितलंस. डिंभ्याच्या पावण्यांसमोर झाकलंस तसं इथंही झाकलंस मला. कुणी सांगितलं होतं झाकायला? तू आतून विचारलंस, किती रे? मी पाठमोराच ओरडलो, आणि तू फाडलंस.

साऱ्या जगाशी भांडलास आयुष्यभर. मला एकदा, फक्त एकदा उलटून विचारायचं होतंस रे, बबन्या, माप नीट घेतलंस का.